निकाल शंभर टक्के, पण...

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. वर ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’, खाली गुणवंतांचे फोटो आणि त्यापेक्षा मोठे पुढाऱ्यांचे. गेल्या निकालाच्या वेळी असाच एक फ्लेक्स बघून मी शेजारच्या खेड्यात बचत गटाच्या बैठकीला गेले. गटातल्या एकीला सहज विचारलं, “काय गं, तुझी लेक यंदा दहावीला होती ना? पेढे कुठायत?”

तिनं मान खाली घातली. “ताई, ती बसलीच न्हाई परीक्षेला. नववीच्या निकालाला सर म्हणले, पोरगी गणितात लई कच्ची हाय. दाखला काढून न्या अन् सतरा नंबरचा फॉर्म भरा. फॉर्म भरायचा राहूनच गेला. आता तिचे मामा स्थळ बघायलेत.”

पोरगी सोळा वर्षांची. आतून चहा घेऊन आली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायची सोय. सोय चांगलीच आहे. शिक्षण अर्धवट सुटलेल्या कितीतरी बायकांनी लग्नानंतर, लेकरं सांभाळून, याच फॉर्मवर दहावी केली. पण नववीतली कच्ची मुलं या वाटेनं बाहेर काढली की शाळेचा निकाल आपोआप वर जातो, कारण बोर्ड बाहेरून बसणाऱ्यांचा निकाल वेगळा मोजतं. शंभर टक्के कशाचे? जे उरले त्यांचे!

आमच्याकडे मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला आहेत, दहावीपर्यंतच्या. राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढे संस्थांची हायस्कुलं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी आपली मुलं कधीच शहरातल्या इंग्रजी शाळांत नेली. प्रशालेत उरली ती शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं, त्यातही मुली जास्त. म्हणून ही शाळा कशी चालते, हा प्रश्न मुलींचा आहे, आणि पर्यायानं आपला.

टक्केवारीवर माझा विश्वास का उडाला ते सांगते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ला भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे, शाळेच्या हातातले गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले, निकाल ९५.३० टक्के! (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही, हेही खरं.) आता एका वर्षात मुलं ढ झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार, असं थोडंच असतं? माप बदललं, एवढंच.

‘असर’ या पाहणीनं २०२३ साली देशभरातल्या काही जिल्ह्यांत खेड्यांतली चौदा ते अठरा वयाची मुलंमुली तपासली. त्यातल्या साधारण पाव जणांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पुस्तकातला उतारा धड वाचता आला नाही. तीन आकडी संख्येला एका आकड्यानं भागायचं गणित निम्म्याहून अधिकांना जमलं नाही. दुसरीचं वाचन न येणारी मुलगी नववीत कच्ची ठरते, तेव्हा ती काय एकाच वर्षात कच्ची झाली? इतकी वर्षं तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यात आपणही आलो. पोरगी शाळेत जाते, डबा नेते, एवढ्यावर आपण समाधानी असतो.

२०२५च्या परीक्षेत मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, मुलांचा ९२.२१. वाचून मलाही बरं वाटलं होतं. पण त्या आकड्यात ही पोर पासांत नाही आणि नापासांतही नाही.

आम्ही तिघी-चौघी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “वहिनी, गणिताची जागा दोन वर्षांपासून रिकामी आहे. इंग्रजीचे सर गणित शिकवतात. निवडणूक आली की त्यांनाही तिकडे धाडतात. अन् निकाल खाली आला की नोटीस मला.” त्यांची अडचण मला कळली. पण त्या अडचणीची किंमत या पोरीनं का मोजायची, हे काही कळलं नाही. तसं मी बोलूनही दाखवलं.

मग मी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची यादी मागितली. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पाऊणहिस्सा पालक आणि निम्म्या बायका लागतात. यादीत बायका होत्या की! त्यातली एक आमच्याच गटातली निघाली. तिला विचारलं तर म्हणते, “मला काय ठावं? ह्यांनी सही करून आणा म्हणलं, केली.” हसावं की रडावं!

दाखल्यावर ‘नववी पास’ असा शेरा होता, म्हणून त्या पोरीला दहावीत परत घेण्यात अडचण आली नाही. मामांची समजूत काढायलाच जास्त दिवस लागले. अठराच्या आत लग्न लावलं तर तुमच्यावरच केस होईल, हे माझ्या नवऱ्यानं सांगितलं तेव्हा कुठं त्यांनी ऐकलं. मी तेच आठवडाभर सांगत होते.

रविवारी ती आमच्या ओसरीवर भागाकार शिकायला येते. सोबत अजून दोघी आणते. त्यांनाही हातचा घेताना गडबडायला होतं. समितीच्या पुढच्या सभेला गटातल्या बायका जाणार आहेत, सही करायला नव्हे. गणिताच्या शिक्षकासाठीचा अर्ज तयार आहे. पटावर नववीला किती मुली होत्या आणि दहावीला किती बसल्या, एवढे दोन आकडे त्या सभेत मागायचे ठरलंय.