आडात नाही ते पोहऱ्यात कुठून?

पाण्याच्या सिम्युलेशनसाठी रात्रभर मशीन राबतं, सकाळी साठवलेल्या फ्रेम्सचा कॅश उघडावा तर लाट दर फ्रेमला हिसके खात पुढे सरकते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी रिझोल्यूशनच्या आकड्याकडे जातो. तो आवरलेला बरा. व्होक्सेल म्हणजे सिम्युलेशनच्या जाळीतलं एक घनाकृती घर; त्याची बाजू निम्मी केली की व्होक्सेल आठपट होतात. त्यासोबत सबस्टेप, म्हणजे एका फ्रेममधले गणिताचे टप्पेही दुप्पट करावे लागले तर काम 16 पट.

हाच खर्च वाचवायला मायकेल नील्सन आणि रॉबर्ट ब्रिडसन यांनी 2011च्या सिग्राफ परिषदेत ‘गाइड शेप’ची रीत मांडली. आधी जाडंभरडं सिम्युलेशन करून लाटेला मंजुरी मिळवायची. मग तिचा पृष्ठभाग थोडा आत ओढायचा, आतलं पाणी जुन्याच वेगाने चालवायचं आणि बारीक गणित फक्त वरच्या थराचं करायचं. म्हणजे दुखणं वर दिसलं, तरी मूळ बरेचदा खालच्या गाइडमध्ये असतं.

हिसक्यांचंच पाहा. सेकंदाला 10 मीटरने धावणारी लाट 24च्या फ्रेमदरात एका फ्रेममध्ये सुमारे 42 सेंटिमीटर जाते. 5 सेंटिमीटरच्या व्होक्सेलमध्ये मोजलं तर आठ घरं. गाइडचा कॅश फ्रेममागे एकच असेल आणि मधल्या सबस्टेपमध्ये तो जागचा हलत नसेल, तर वरचं पाणी उड्या मारणारच. गाइड वेगानुसार मधल्या क्षणांत सरकवावा किंवा सबस्टेपसह पुन्हा कॅश करावा.

वरचा मोकळा थर किती जाड ठेवायचा, हा खरा हातोटीचा भाग. फार पातळ ठेवला तर बारकाव्यांना जागा उरत नाही, जाडंभरड्या लाटेचीच महागडी नक्कल हाती येते. फार जाड ठेवला तर मंजूर लाट हरवते. थर गाइडच्या व्होक्सेलमध्ये मोजावा. एका व्होक्सेलहून बारीक खात्री गाइडलाच नसते.

एककांची चूक मात्र क्षुल्लक आणि सार्वत्रिक. माया या सॉफ्टवेअरमधला द्रवाचा सॉल्व्हर बायफ्रॉस्ट मायाचं एक युनिट एक मीटर धरतो, मायात मुळात ते सेंटिमीटर असतं. 10 सेंटिमीटरचा पेला मग 10 मीटरची टाकी होते आणि त्यातलं पाणी दहापट संथ पडतं.

सर्वांत छळतो तो बंदराच्या धक्क्याचा बारीक खांब. गाइडच्या व्होक्सेलहून तो अरुंद असेल, तर गाइडला दिसतच नाही. पाणी आरपार जातं. बारीक जाळीला खांब सापडतो, पण खालचा वेग पाणी त्यातच ढकलत राहतो. तिथे वरचे आकडे फिरवून उपयोग नाही. गाइड नव्याने करावा लागतो, आणि लाटेची मंजुरीही पुन्हा मागावी लागते.