उत्तर नव्हे, प्रश्नच चुकीचा आहे

‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असे आता इंजिनिअरच्या नोकरीच्या जाहिरातीत कुणी छापत नाही. १९७४ साली टेल्कोने छापले होते. बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी त्याबद्दल थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. पुण्याला मुलाखत झाली आणि त्या टेल्कोत इंजिनिअर म्हणून लागल्या. दर आठ मार्चला ही गोष्ट कॉलेजाकॉलेजांतून सांगितली जाते. एका मुलीच्या धिटाईची गोष्ट म्हणून टाळ्या घेते आणि संपते. आपण मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा. जाहिरातीतली ती ओळ खरोखर पुसली गेली, की जागा बदलून मुलाखतीच्या टेबलापलीकडे जाऊन बसली?

आपल्या मुली, भाच्या, वस्तीतल्या डिप्लोमा झालेल्या पोरी पहिल्या नोकरीच्या मुलाखती देऊन येतात. त्यांना काय काय विचारले गेले ते एकदा शांतपणे ऐकून घ्या. ‘लग्नाचं काय ठरलंय?’ ‘सासरच्यांनी नोकरी सोड म्हटलं तर?’ ‘बेटा, शॉप फ्लोअरवर उभं राहणं जमेल का?’ ‘कामगार बाईचं ऐकतील असं वाटतं का तुला?’ ‘पुण्यात राहणार कुणाकडे?’ आणि जरा आडून, ‘आडनाव कुठलं? गाव कुठलं? वडील काय करतात?’ या शेवटच्या प्रश्नांमागे जात शोधणारा डोळा असतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दलित मुलीला बाई म्हणूनही उत्तर द्यावे लागते आणि जात म्हणूनही.

यात काय मोठेसे, असे म्हणणारे भेटतात. गप्पांच्या ओघात विचारले, म्हणे. या म्हणणाऱ्यांनी घड्याळ लावून बसावे. नवख्या इंजिनिअरची मुलाखत चालते वीसेक मिनिटे. त्या वेळात मुलाला लिमिट-फिट-टॉलरन्स विचारतात, फोर-स्ट्रोक इंजिन विचारतात, प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलेस ते खोदून विचारतात. एखादे उत्तर चुकले तर पुढच्यावर सावरून घ्यायला त्याला वाव असतो. मुलीची दहा मिनिटे लग्न, घर आणि शिफ्ट यांत जातात. ज्ञान दाखवायला तिला उरतो निम्मा वेळ. मग शेरा पडतो, ‘टेक्निकल बाजू जरा कमी वाटली.’ कमी वाटली, कारण विचारलीच कमी! हा अन्याय कुठल्याच कागदावर दिसत नाही.

सगळ्यांना सारखाच विचारलेला प्रश्नही सारखा ऐकला जात नाही. ‘पाच वर्षांनी तू कुठे असशील?’ मुलगा म्हणतो, मॅनेजर. ती महत्त्वाकांक्षा. मुलगी म्हणते, मॅनेजर. समोरचे एकमेकांकडे बघून हसतात, कारण त्यांच्या मनात तिची पाच वर्षे आधीच मांडलेली असतात: मांडव, पाळणा आणि राजीनामा.

आणि आपण काय करतो? मैत्रिणींनो, इथे आपल्यालाही चार शब्द ऐकावे लागतील. मुलाखतीच्या तयारीची पुस्तके, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, कॉलेजातले प्लेसमेंट विभाग मुलींना पढवतात: लग्नाचे विचारले तर हसून म्हणा, ‘सध्या करिअरकडे लक्ष आहे.’ घरचे विचारले तर म्हणा, ‘घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे.’ अशी शिबिरे आता स्त्रियांच्या संघटनाही भरवू लागल्या आहेत. हेतू चांगला आहे, पोरींना नोकऱ्या लागाव्यात हाच. पण ही शिकवण त्या प्रश्नाला मान्यता देते. त्याचे ‘बरोबर उत्तर’ असते आणि ते पाठ करणे हे मुलीचे काम आहे, असे ती सांगते.

खरे तर त्या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही. ‘इतक्यात लग्न नाही’ म्हटले, तर मग दोन वर्षांनी जाणारच. ‘ठरले आहे’ म्हटले, तर लगेच जाणार. ‘झाले आहे’ म्हटले, तर आता मूल होणार. ‘मूल आहे’ म्हटले, तर सारखी रजा घेणार. ‘लग्न करणारच नाही’ म्हटले, तर मुलगी जरा विचित्रच दिसते! प्रत्येक वाटेच्या टोकाला नकार ठेवलेला असेल, तर चालण्याची पद्धत सुधारून काय उपयोग?

हे आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९९१ साली कळले होते. नीरा माथुर यांना आयुर्विमा महामंडळात नोकरी लागली होती. रुजू होण्याआधी महामंडळाच्या फॉर्मवर स्त्री उमेदवाराला मासिक पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, गर्भपात झाला आहे का, असे रकाने भरावे लागत. पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि फॉर्मात खोटी माहिती दिली म्हणून त्यांना कामावरून काढले. न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले. त्यांच्या उत्तरापेक्षा खरी खोड असली माहिती मागण्यातच आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि ते लाजिरवाणे रकाने काढून टाकायला सांगितले. रकाने गेले. पण फॉर्मवर जे छापता येत नाही ते तोंडाने विचारता येते, आणि तोंडी प्रश्नाची नक्कल कुणाला मिळत नाही.

मालकांची बाजूही तपासू. पहिला युक्तिवाद: शिकवून तयार करावे आणि मुलगी लग्न करून निघून जावी, हा तोटा आहे. मुलगे जात नाहीत? जास्त पगारासाठी जातात, बंगलोरला जातात, अमेरिकेला जातात. पण ‘दुसरीकडे दहा हजार जास्त मिळाले तर सोडशील का?’ या प्रश्नावर त्यांची लायकी ठरत नाही. माणूस सोडून जाण्याचा धोका दोन्हीकडे आहे. हिशेब मात्र एकाच गर्भाशयाचा मांडला जातो.

दुसरा युक्तिवाद सोयींचा. कारखान्यात बायकांसाठी संडास नाही, रात्रीची गाडी नाही, म्हणून बाई नको. आणि बाईच नाही, मग संडास कशाला बांधायचा! असे हे चक्र फिरत राहते. राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. पुण्यात १९९१ पासून खास मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. वर्गापर्यंतचा रस्ता समाजाने बांधला. वर्गापासून मशीनपर्यंतचा कुणी बांधायचा?

तिसरा युक्तिवाद पैशाचा, आणि त्यात थोडे तथ्य आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. हा आपल्या चळवळीचा विजय होता. पण ईएसआयच्या कक्षेबाहेरच्या नोकरीत हा सगळा खर्च एकट्या मालकाच्या माथी येतो, आणि बापाला खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही. म्हणजे मूल दोघांचे, उद्याचा नागरिक समाजाचा, आणि त्याची किंमत मात्र बाईला नोकरीवर ठेवण्याची किंमत म्हणून वहीत लागते. याचा इलाज रजा कमी करणे हा नाही. खर्च सामायिक निधीतून व्हावा आणि बापालाही रजा मिळावी. मग तोच हिशेब मुलाच्या मुलाखतीतही करावा लागेल.

कायदा गप्प नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने नोकरभरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला मनाई केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम ३ मध्येही ती मनाई आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या संहितेनुसार स्त्रीला रात्रपाळी द्यायची तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. पण नोकरी हातात नसताना टेबलापलीकडून मागितलेली संमती ही कसली संमती? २०२४ च्या जूनमध्ये तामिळनाडूतल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित स्त्रियांना जुळणीच्या कामावर घेतले जात नसल्याची बातमी रॉयटर्सने दिली. कंपनीने आरोप नाकारला. केंद्राच्या कामगार खात्याने राज्याकडे अहवाल मागितला. एवढी हालचाल झाली, कारण कुणीतरी बायकांचे अनुभव एकत्र करून लिहून काढले. एकेकटीचे रडगाणे म्हणून ते विरून गेले असते.

तर मग उद्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीने काय करावे? बावीस वर्षांच्या, शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीला ‘बाणेदारपणे उठून ये’ असे आपण सांगू नये. घर तिला चालवायचे आहे. तिने जे उत्तर सुचेल ते द्यावे, खोटेही द्यावे. त्याचा दोष तिच्याकडे येत नाही. भांडण्याचे काम आपले, संघटनांचे आहे. त्यासाठी:

१. प्रत्येक कॉलेजात मुलाखतीहून आलेल्या मुलींकडून विचारलेले प्रश्न, तारीख आणि कंपनी लिहून घेणारी वही ठेवावी. मुलीचे नाव गुप्त राहील, वही मात्र उघड असेल.

२. लग्न, मूल, घर, जात यांबद्दल प्रश्न विचारणार नाही असे लेखी दिल्याशिवाय कंपनीला कॅम्पसमध्ये येऊ देऊ नये, असा ठराव कॉलेजांकडून करून घ्यावा.

३. मुलाखतीचे तांत्रिक प्रश्न सर्व उमेदवारांना सारखे आणि गुण लेखी असावेत.

४. शिफ्ट, बदली, प्रवास यांच्या अटी जाहिरातीतच छापाव्यात. म्हणजे ‘जमेल का?’ विचारायची गरज उरणार नाही.

५. आपल्या शिबिरांतून ‘हसून टाळा’ हा धडा काढून टाकावा. त्या जागी कायद्याची कलमे शिकवावीत.

१९७४ साली एका मुलीला एक पोस्टकार्ड लिहावे लागले. आज छापील ओळ नाही, म्हणून पोस्टकार्ड कुणाला लिहायचे हेच कळत नाही. आपण त्या वह्या भरल्या, तर पत्ता सापडेल. कामाला लागू या.