उंदीर मारा, पण छळू नका

निफाड-सिन्नरकडे थंडी पडली की गहू जोमाने वाढतो. ओंब्या भरू लागल्या की बांधावर बिळांची तोंडे दिसू लागतात. त्यांतला शेतउंदीर बोटभर लांबीचा, वजनाने १० ग्रॅमच्या आसपास. तो दाणे, गवताचे बी आणि किडेही खातो. दाणे बिळात साठवून मोठे नुकसान करते ती घूस.

उपद्रवी उंदराला मारण्याची इस्लाममध्ये मुभा आहे. एहरामच्या अवस्थेतही ज्या पाच प्राण्यांना मारता येते, त्यांत तो आहे. रात्री दिवा विझवून झोपा, नाहीतर उंदीर वात ओढून घराला आग लावील, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे.

पण या मुभेला मर्यादा आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक कामात एहसान ठरवून दिला आहे. जीव घ्यायचा तर तोही चांगल्या रीतीने. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस तर आपली मुलेही जाणतात.

बाजारातला चिकट पुठ्ठा या कसोटीला उतरत नाही. त्यावर उंदीर तासन्‌तास धडपडत, भुकेने-तहानेने मरतो. त्याऐवजी एका झटक्यात मारणारा चाप वापरावा. त्याआधी पेन्सिल जाईल एवढी फटसुद्धा बुजवावी आणि धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे.

शेतात झिंक फॉस्फाईड वापरताना फार जपावे. पोटात गेल्यावर त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. उघड्यावर टाकलेले आमिष कोंबड्या आणि पाखरेही खातात. म्हणून संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील, त्यांतच आमिष आत सारून तोंड बंद करावे. मेलेले उंदीर खोल पुरावेत. विषाचा डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आणि गव्हाणी घुबडाला हाकलू नका. रात्रभर उंदीर टिपणारा तो शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. घुबडाचा अपशकुन मानणे ही अरबांतलीही जुनी समजूत होती, प्रेषितांनी (स.) ती खोटी ठरवली. आपल्या घरात ती आजही कुणी बोलून दाखवत असेल, तर हे त्यांना जरूर सांगा.