किलोमीटरचे पैसे देता, कानांचे कोण देणार?

बिदर हेडक्वार्टर, म्हणजे मुक्काम; भालकी, हुमनाबाद, औराद एक्स-स्टेशन, म्हणजे जवळचे दौरे; कलबुर्गी आउटस्टेशन, म्हणजे लांबचा. आम्हा औषध प्रतिनिधींचा महिन्याचा टूर प्रोग्रॅम एवढ्यात मावतो. त्यातल्या प्रत्येक किलोमीटरला कंपनी दर लावते. पेट्रोल महागलं की युनियन भांडते, दर थोडा सरकतो. टायर, चेन, ऑइल यांची झीज त्या दरात धरलेली असते. गाडी चालवणाऱ्याच्या कानांची झीज मात्र एकाही कंपनीनं धरलेली मी पाहिली नाही. पंचेचाळिशीतले माझे सहकारी डॉक्टरच्या केबिनमध्ये मान पुढे काढून, नजर समोरच्याच्या ओठांवर ठेवून ऐकताना मात्र मी रोज पाहतो. विचारलं तर म्हणतात, वय झालं. पंचेचाळीस हे कान जायचं वय नव्हे. हे कान आमच्या नोकरीनं खाल्ले आहेत, आणि नोकरी देणाऱ्यांना त्याची लाज वाटत नाही.

रस्त्यावरचा आवाज म्हटलं की लोकांना हॉर्न आठवतो, ट्रक आठवतो, फटाके फोडत जाणारी बुलेट आठवते. त्या बुलेटचा सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. घाला, माझी ना नाही. पण नियम काय मोजतो ते बघा. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला ७७ डेसिबल, त्याहून मोठ्या गाडीला ८०, तेही साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनवर. म्हणजे रस्त्याकडेच्या माणसाचा कान कायद्यानं जपला. हँडल धरलेल्या माणसाच्या कानापाशी कुणी मायक्रोफोन नेलाच नाही. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात तो नेला गेला. हेल्मेटच्या आत ताशी ६० किलोमीटरला साधारण ९० डेसिबल भरले, १६०ला ११०. त्यात इंजिनाचा वाटा किरकोळ, बाकी सगळा वारा. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या १६०ला जात नाहीत हे खरं, पण आमची नोकरी ६०च्या वरच चालते.

वारा इतका आवाज करतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही, कारण तो कुठून येतो ते दिसत नाही. हवा हेल्मेटच्या कडेवर फाटते, तिचे भोवरे होतात आणि ते कानाशेजारीच फुटत राहतात. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की या आवाजाचा एक मोठा उगम हनुवटीखालच्या भागात आहे, जिथून हेल्मेट उघडं असतं. वेगाचा हिशेब तर आणखी वाईट. ६०वरून ८०ला गेलात की सहा-सात डेसिबल वाढतात, आणि दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. तासाभराच्या वाटेवर वीस किलोमीटरचा वेग वाढवून पंधरा मिनिटं वाचतात आणि दर सेकंदाला कानात चौपट ऊर्जा जाते. त्यात आमचा मुलूख उघडा. जून-जुलैत हुमनाबादहून बसवकल्याणच्या दिशेनं, म्हणजे सरळ पश्चिमेला निघालं की वारा तोंडावर येतो. गाडी साठला असली तरी हेल्मेटवर आदळणारी हवा साठच्या कितीतरी वर असते. कमलापूरच्या पुढे कलबुर्गीकडे तुरीच्या उघड्या रानांतून जाताना तोच वारा उजव्या कानावर आडवा बसतो. समोरून ट्रक गेला की त्याच्या मागची हवा डोकंच हलवून जाते.

आता कारखान्यातला कायदा बघायला कलबुर्गी जिल्ह्यातल्या सेडमकडे चला. तिथल्या सिमेंट कारखान्याच्या भिंतीच्या आत आवाजानं कामगाराचा कान गेला तर कायद्यानं तो नोंदवण्याजोगा आजार आहे; १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही तो होता. त्या कायद्याखालच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा होती. अमेरिकेतली निओश ही संस्था याहून कडक आहे: आठ तासांना ८५, मग दर तीन डेसिबलला मुभा निम्मी. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. बिदर-कलबुर्गी एकाच दिवशी जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन तास वारा. हेल्मेटमध्ये ९१ डेसिबल धरले तरी दिवसभराची मुभा परतीच्या वाटेवर कमलापूर यायच्या आधी संपलेली असते. पुढचा सगळा रस्ता माणूस उधारीवर ऐकतो, आणि ही उधारी फेडायची सोय शरीरात नाही. बिदरच्या हवाई तळावर हॉक विमानापाशी काम करणाऱ्या तंत्रज्ञाला कान झाकल्याशिवाय उभं राहू देत नाहीत. त्याच शहरातून रोज सकाळी बॅग अडकवून निघणाऱ्या शेकडो माणसांना कुणी कानाबद्दल एक शब्द सांगत नाही. आम्ही प्रतिनिधी, बियाणं-खताचे सेल्समन, मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले, औरादच्या तांड्यावर रोज जाणारे शिक्षक, सगळे त्यातच आले.

कंपन्या म्हणतील, रस्ता काही आमचा कारखाना नाही. खोटं. १९७६चा विक्री प्रतिनिधींचा कायदा वाचा. त्याच्या सहाव्या कलमानं १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा आम्हाला लागू केला. त्या १९२३च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी होती आणि त्या यादीत आवाजामुळे आलेला श्रवणदोष होता. हे जुने कायदे आता २०२०च्या श्रमसंहितांमध्ये घेतले आहेत, पण जबाबदारी विरघळलेली नाही. म्हणजे दरवाजा आधीपासून आहे. युनियननं तो ठोठावला नाही, कारण रोजचा भत्ता (डीए) वाढवून मागणं सोपं आणि कान मोजायला लावणं अवघड. माझ्या युनियनलाही मी हे तोंडावर सांगितलं आहे. मीटिंगमध्ये एरिया मॅनेजरला सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "अख्खं फील्ड फिरतं, तुलाच कसा त्रास होतो?" अख्ख्या फील्डला त्रास होतो, साहेब. अख्खं फील्ड रात्री पंख्याच्या आवाजात कानातली शीळ झाकून झोपतं. सांगत नाही, कारण ऐकू कमी येणाऱ्या माणसाला डॉक्टरसमोर पाठवायचं की नाही हा विचार तुम्ही पहिला कराल हे त्याला माहीत आहे.

जातं काय, ते नीट समजून घ्या. आतल्या कानात, शंखात, बारीक केसांच्या पेशी असतात. त्या मेल्या की माणसात परत येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. आणि आवाजानं पहिला घाव बसतो तो ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यावर, बहुतेकदा ४ हजारच्या आसपास. जाड आवाज ऐकू येतच राहतो. बस येते ते कळतं, कुणी हाक मारली ते कळतं. म्हणून माणूस म्हणतो, मला ऐकू येतं. जातात ते स, श, फ, त, थ असे बारीक वर्ण. वाक्याचा सांगाडा पोचतो, नेमका शब्द पोचत नाही. सुरुवातीला रात्री घरी पोचल्यावर कान भरल्यासारखे वाटतात आणि सकाळपर्यंत मोकळे होतात. मोकळे झाले म्हणून लोक निर्धास्त राहतात. ते रोजचं भरणं हीच सूचना असते. पुन्हापुन्हा भरणारा कान एके दिवशी भरलेलाच राहतो.

आमच्या सीमाभागात याची किंमत दुप्पट मोजावी लागते, आणि हे बेंगळुरू-मुंबईच्या ऑफिसात बसून कळणार नाही. भालकीचा मराठी पोरगा कलबुर्गीत कन्नडमध्ये ऑर्डर घेतो, बिदरच्या स्टॉकिस्टशी दखनीत हिशेब करतो, झहीराबादकडे गेला की तेलुगू कानावर घेतो. मातृभाषेत हुकलेला अर्धा शब्द माणूस अंदाजानं भरून काढतो. शिकलेल्या भाषेत तो अंदाज तोकडा पडतो, त्यातून केबिनबाहेर गर्दी, वर पंखा. चारचार भाषांवर पोट असलेल्या माणसाचा कान बोथट झाला की त्याची परकी भाषा आधी जाते. मग साहेब म्हणतात, याचं कन्नड कच्चं आहे. कन्नड पक्कं होतं. त्याचे बारीक वर्ण तुमच्या टूर प्रोग्रॅमनं नेले. आणि हे नुकसान सरकारी कागदावर दिसतही नाही, कारण २०१६च्या दिव्यांग कायद्यात कमी ऐकू येणं मोजलं जातं ते दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट झाल्यावर.

यावरचा उपाय फोमचा इअरप्लग आहे. एक जोडी चहा-भज्याच्या पैशात येते. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मागितला तर उत्तर मिळतं, "कापूस घेऊन जा की." कापसानं काही होत नाही, पाचेक डेसिबलही तो जेमतेम अडवतो आणि माणसाला खोटा धीर देतो. फोमचा प्लग नीट बसवला तर त्याच्या पाकिटावरच्या तीसेक डेसिबलपैकी निम्मे तरी पदरात पडतात, आणि पंधरा डेसिबल कमी झाले तर ९१ डेसिबलचा रस्ता ७६वर येतो. साडेतीन तासांचं सगळं गणित तिथेच सुटतं. पण तो बसवावा लागतो. हात धुवायचे. प्लग बोटांत बारीक, सुरकुती न पडता वळायचा. दुसरा हात डोक्यावरून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवून फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरायचा. नुसता तोंडाशी खोचलेला प्लग कापसाहून बरा नसतो. काढताना फिरवत हळू काढायचा. कान वाहत असेल, पडदा फुटलेला असेल तर आधी कानाच्या डॉक्टरला विचारायचं.

"मग हॉर्न कसा ऐकू येणार?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो आणि विचारणारा बहुतेकदा कानात ब्लूटूथ घालून गाडी चालवत असतो. सत्तरच्या वेगात हॉर्न बुडवतो तो वारा. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही जवळपास सारखेच खाली आणतो, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर जवळपास तेच राहतं आणि कर्कश मारा थांबल्यामुळे हॉर्न उलट ओळखू येतो. गावात, बाजारात, चाळीसच्या खाली प्लगची गरज नाही. तिथे काढून ठेवा. ब्लूटूथचा प्रकार याच्या नेमका उलटा. नव्वद डेसिबलच्या वाऱ्यावर गाणं ऐकू यायचं तर ते नव्वदच्या वर न्यावं लागतं. वारा कमी होत नाही, वर गाण्याची भर पडते. रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसांनाही माझं सांगणं आहे: कानात काहीतरी दिसलं म्हणून फोमवाल्याला आणि फोनवाल्याला एकाच मापानं मोजू नका.

हेल्मेट काढून टाकलं तर वारा कमी होईल असं कुणी सुचवलं तर त्याला दारात उभं करू नका. उघड्या कानावर वारा तितकाच जोरात फाटतो आणि डोकं फुटतं ते वेगळं. १ जून २०२१पासून देशात आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली टोपल्यांसारखी हेल्मेटं आजही विकली जातात. ढिलं हेल्मेट खालून हवा ओढतं. गालांना घट्ट लागेल असं पूर्ण तोंडाचं हेल्मेट घ्या, हनुवटीखाली दस्ती गुंडाळून ती फट बुजवा, जाळी शीळ घालत असेल तर बंद करा. वैशाखात हेल्मेटची काच लावून चालवणं कलबुर्गीच्या उन्हात कुणालाच जमत नाही, मलाही नाही. काच वर गेली की आवाज वाढतो आणि तेव्हा प्लगशिवाय दुसरं काहीच कामाला येत नाही. गाडीवर हौसेनं बसवलेली बुटकी काच तपासून पाहा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर फूटरेस्टवर क्षणभर उभं राहिल्यावर आवाज खाली आला, तर ती काच फाटलेली हवा थेट हेल्मेटवर फेकते आहे. तिच्यापेक्षा काच नसलेली गाडी बरी. महागड्या हेल्मेटावर मात्र विसंबू नका. वाऱ्याचा जाड, पाचशे हर्ट्झच्या खालचा आवाज कुठलंच हेल्मेट फारसं अडवत नाही.

कंपनीकडून काय हवं ते मी लेखी मागितलं आहे आणि इथंही मांडतो. रुजू होताना एक ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या चाचणीचा आलेख, आणि दर वर्षी एक, कंपनीच्या खर्चानं. प्रवासभत्त्याच्या (टीए) बिलात हेल्मेट आणि इअरप्लगचा रकाना. साठच्या वर गाडी न नेता जितके कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, होतील तितकेच टूर प्रोग्रॅममध्ये धरायचे. ऐंशीनं धावल्याशिवाय जो प्रोग्रॅम पूर्ण होत नाही, तो बनवणारा मॅनेजर जबाबदार. यातल्या कशालाही कंपनीला एका कॉन्फरन्सच्या जेवणाइतका खर्च नाही.

ते करेपर्यंत प्रत्येकानं आपला पहिला ऑडिओग्राम लवकरात लवकर काढून ठेवावा. बिदरला ब्रिम्समध्ये, कलबुर्गीला जिम्समध्ये, या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांत, कान-नाक-घसा विभाग आहेत. आदल्या दिवशी लांबचा प्रवास नको, नाहीतर तात्पुरती घट कायमची म्हणून नोंदली जाईल. तीन, चार आणि सहा हजार हर्ट्झचे आकडे दोन्ही कानांचे वेगवेगळे लिहून घ्या, कागदावर तारीख आणि शिक्का असू द्या, आणि मूळ प्रत कंपनीला देऊ नका.