भरतीची वेळ आणि विद्यावेतनाची तारीख

कोकणात भरतीची वेळ काढायला तिथी पुरते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, की त्या दिवसाच्या भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. उधाणाच्या या दिवसांत पाणी सर्वांत दूर जाते आणि एरवी बुडालेला किनारा उघडा पडतो. कालवं, तिसऱ्या काढणाऱ्या बायका याच वेळेला उतरतात. सागरी जीवशास्त्रात पीएच.डी. करणारे विद्यार्थीही.

मांडवा, रेवस, किहीम या पट्ट्यात वाळू, चिखल, खडक आणि खारफुटी एकमेकांजवळ सापडतात, शिवाय मुंबई समोरच. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट येते, तासाभराचा प्रवास. अभ्यासाला याहून सोयीची जागा कोणती? पण पहाटेच्या ओहोटीआधी पोचवणारी बोट नसते. आदल्या दिवशी यावे लागते, गावात खोली घ्यावी लागते. पावसाळ्यात गेटवेहून येणाऱ्या लाँच आणि कॅटामरान बंद असतात, रो-रो हवामान पाहून सुटते. नाहीतर पेण, वडखळमार्गे रस्ता आहेच.

मग पहाटे चिखलात चौकट टाकायची, आतले प्राणी मोजायचे, गाळ बारीक जाळीच्या चाळणीतून धुऊन काढायचा. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर बाटलीत रसायने तिथल्या तिथे घालावी लागतात. नमुना उशिरा हाताळला तर आकडा खोटा येतो. प्राणी टिकवायला फॉर्मॅलिन. त्यातले फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवले आहे, पण हवा खेळती ठेवणारी सोय प्रत्येक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असतेच असे नाही. दुपारी परत, संध्याकाळी प्रयोगशाळा. दुसऱ्या दिवशी ओहोटी पन्नासेक मिनिटे पुढे सरकलेली. तीन-चार दिवस असे गेले की झोपेचा हिशोब लागत नाही. त्यात विभागातली प्रात्यक्षिके घ्यायची असतात आणि गाईडच्या प्रकल्पाचा अहवालही लिहायचा असतो.

इथून वीसेक किलोमीटरवर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे काम १९०४ मध्ये अलिबागला आणले गेले. तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी तिथे होत आहेत आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्या वापरतात. एवढी मोठी मालिका टिकली ती मागे संस्था, इमारत आणि पगारी माणसे असल्यामुळे. एक आजारी पडला तर दुसरा नोंद घेतो. किनाऱ्यावरच्या पीएच.डी.च्या मालिकेमागे मात्र एकच माणूस असतो. ऑगस्टच्या पौर्णिमेला त्याला ताप आला, तर ऑगस्टचा नमुना गेला. पुढच्या वर्षीचा ऑगस्ट त्याची भरपाई करत नाही. म्हणून तो तापातही जातो.

त्या बदल्यात मिळते ते विद्यावेतन. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळालेल्यांना पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. त्याआधी ३१,००० आणि ३५,००० होते, आणि त्या वाढीसाठीही देशभर विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावे लागले होते. किरकोळ खर्चासाठी यूजीसी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये देते. त्यात रसायने बसवायची, की मांडव्याची खोली आणि बोटीचे तिकीट? ज्यांना नेटची फेलोशिप नाही, त्यांना केंद्रीय विद्यापीठात निदान दरमहा ८,००० मिळतात. राज्य विद्यापीठातल्यांसाठी तीही योजना नाही.

आकड्यांपेक्षा तारखेचे दुखणे मोठे आहे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ फेलोशिपचे पैसे २०२४-२५ मध्ये अनेकांना कित्येक महिने मिळाले नाहीत. पुढे पैसे वेळेवर मिळतील, असे आश्वासन विभागाच्या सचिवांना द्यावे लागले. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योतीच्या विद्यार्थ्यांनी त्याआधीच आंदोलने केली होती. लाभार्थींची संख्या प्रत्येकी २०० वर आणल्याचा विषय डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत आला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. माझ्या मते उद्गारापेक्षा त्यामागची समजूत जास्त घातक आहे. हे पैसे कामाचा मोबदला नसून मेहेरबानी आहे, असे एकदा धरले की ते उशिरा देण्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. पगार आठ महिने थांबला तर कार्यालय बंद पडेल. फेलोशिप थांबली तर विद्यार्थी घरून पैसे मागवतो आणि पहाटे चिखलात उतरतो.

याचा परिणाम तब्येतीवर होतो, हे आता मोजले गेले आहे. २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आलेल्या पाहणीत २६ देशांतले २,२७९ पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थी होते, त्यांतल्या ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली. ही पाहणी ऑनलाइन होती, ज्यांना त्रास होतो तेच अशी प्रश्नावली अधिक भरतात, म्हणून हा आकडा जपून घ्यावा. स्वीडनमधला अभ्यास जास्त भक्कम आहे. तिथे सरकारी नोंदींवरून औषधांचा वापर तपासला गेला. पीएच.डी. सुरू झाल्यावर मानसिक आजारांवरच्या औषधांचा वापर वाढत गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत तो आधीच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी जास्त झाला. म्हणजे आधीच हळवी असलेली मुलेच या वाटेला जातात, हे नेहमीचे उत्तर पुरत नाही.

स्वीडनमध्ये पीएच.डी. करणारा हा विद्यापीठाचा नोकर असतो. त्याला पगार, रजा, निवृत्तिवेतन सगळे असते. तरीही हे चित्र. त्यामुळे केवळ पैसे वाढवले की भागेल, असे म्हणणे सोपे पण अपुरे आहे. बेल्जियममध्ये २०१७ साली ३,६५९ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात मानसिक ताणाशी जोडलेल्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कामाचा बोजा, कामावर स्वतःचे नियंत्रण किती, घर आणि काम यांची ओढाताण, आणि गाईडची वागण्याची पद्धत. आपल्याकडे ही शेवटची गोष्ट बोलून दाखवायची सोय नाही. ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्याचीच सही प्रबंधावर लागते.

नियमांत थोडे बदल झाले आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.ची मुदत सहा वर्षे ठेवली, स्त्रियांना आणखी दोन वर्षे आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा दिली, शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. फेलोशिप मात्र पाचच वर्षांची. सहावे वर्ष, जेव्हा प्रबंध लिहायचा असतो, ते कशावर काढायचे हे नियम सांगत नाहीत.

घरातला मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. करत असेल आणि झोप उडाली असेल, बोलणे तुटले असेल, तर ‘कधी संपणार’ हा प्रश्न काही दिवस विचारू नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास मिळते, मराठीतही. विद्यापीठांना करता येण्यासारखी कामे फार खर्चाची नाहीत. फेलोशिपला उशीर झाला तर विद्यापीठाने आपल्या निधीतून आगाऊ रक्कम द्यावी, प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याचा आरोग्य विमा काढावा, तक्रार ऐकणारी व्यक्ती विभागाबाहेरची असावी. आणि उधाणाच्या पहाटे, अंधारात, खाजणातल्या गुडघाभर चिखलात कोणालाही एकटे पाठवू नये. दोघे गेले तर एकाच्या तापात दुसरा नमुना आणतो.