पहिला नकाशा बडोद्याचा

दिवाळीत मातीचे किल्ले करणारी आपली मुलं आता संगणकावरही गड रचतात. १९९९ साली आलेल्या 'एज ऑफ एम्पायर्स २' या युद्धनीतीच्या खेळात स्वतःचा नकाशा घडवायची सोय आहे. २०२२मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीत गुजरातशी नातं असलेल्या गुर्जरांचा पक्षही आला. मग पहिला नकाशा बडोद्याचाच करावा. मधोमध मांडवी, भोवती चार दरवाजे: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी. ईशान्येला पावागड, तिथूनच निघून शहराच्या पश्चिमेने वाहणारी विश्वामित्री.

सुरुवात सर्वांत लहान आकाराने करावी. आधी नदी आणि डोंगर, मग लाकूड, अन्न, सोनं, दगड. दोन्ही पक्षांना ते सारख्याच अंतरावर मिळायला हवं. नदीला एकच उतार ठेवला तर सारी लढाई तिथेच अडकते. दोन-तीन ठेवले की डावपेचांना वाव मिळतो. मग मित्रांना खेळवून पाहावं आणि दुरुस्त्या कराव्यात.

१७३४मध्ये मराठ्यांनी घेतलेलं हे शहर मुलांना सनावळीपुरतं माहीत असतं. नकाशा रचताना त्यांना त्याच्या वेशी, वाटा आणि पाणी समजू लागतं. पालकांनी आणि शाळांनी या छंदाला जरूर वेळ द्यावा.

– संपादक