मातीचा भरवसा

सोलापुरात पाण्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न उजनीच्या टक्क्याचा असतो. धरण प्लसमध्ये आले की शहर निश्चिंत होते, मायनसमध्ये गेले की घरोघरी हंडे-पिंपे भरून ठेवायची घाई सुरू होते. ११७ टीएमसीचा तो अवाढव्य साठा, तिथून शहरापर्यंत आलेली शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी आणि तिच्या जोडीची समांतर जलवाहिनी यांपुढे दुसऱ्या कशाकडे लक्ष न जाणे समजण्यासारखे आहे. पण उजनी दूर आहे. शहराच्या उशाला, तुळजापूर रस्त्यालगत, एक मातीचे धरण दीडशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. कागदोपत्री ते एकरुख, लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा तलाव. त्याची आठवण शहराला दोनदाच होते: तळ उघडा पडतो तेव्हा आणि सांडवा वाहू लागतो तेव्हा. मधल्या काळात त्याच्याकडे कोण पाहते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

आदिला नदी अडवून हे धरण १८७१ मध्ये पुरे झाले. सोलापूरला गिरणगाव करणारी जुनी मिल त्यानंतरची, १८७७ सालची. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात मोहोळजवळच्या आष्टी तलावाचे काम हाती घेतले गेले, तेव्हा एकरुख भरून-रिते होऊन काही पावसाळे लोटले होते. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, अशा या मुलखात पाणी अडवल्याशिवाय गाव नांदत नाही, हे शहाणपण इथे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या तलावापासून मुरलेले आहे. एकरुखची लांबी २,३६० मीटर, उंची साडेएकवीस मीटर आणि साठा सुमारे ६१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दोन टीएमसीहून थोडा अधिक. उजनीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाही तो नाही. तरीही सोलापूरने या तलावाचे पाणी प्यायले, त्याच्या कालव्यांवर शेती केली, आणि हिवाळ्यात त्याच्या काठी उतरणारे रोहित व पट्टकादंब पाहायला आजही पक्षीप्रेमी पहाटे तिथे जातात.

मातीच्या धरणाचा स्वभाव मात्र दगडी धरणापेक्षा वेगळा असतो. दगडी भिंतीच्या माथ्यावरून थोडा वेळ पाणी गेले तरी ती सहसा टिकते. मातीचा भराव त्याच पाण्याने काही तासांत कापला जातो. म्हणून सांडव्याची क्षमता हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न. दुसरा धोका आतला. भरावातून थोडा पाझर निघणे स्वाभाविक आहे, आणि तो स्वच्छ असेल तोवर घाबरण्याचे कारण नसते. तोच गढूळ येऊ लागला की आतली माती कणाकणाने वाहून चालली आहे असे समजायचे. मग आत पोकळी होते, तिची नळी होते आणि एके दिवशी भराव खचतो. भरावावर माजलेल्या वेड्या बाभळीची मुळे, घुशींची बिळे आणि मातीतून जाणाऱ्या विमोचकाच्या दगडी बांधकामाचा सांधा, या पाण्याच्या आवडत्या वाटा. त्यात काळी माती उन्हात भेगाळणारी आणि पाण्यात फुगणारी. मातीचे धरण दुरुस्तीच्या निधीपेक्षाही रोजच्या नजरेवर जगते. पावसाळ्यात भरावाच्या पायथ्याशी चालत जाऊन पाझर मोजणारा माणूस हाच त्याचा पहिला विमा. कर्मचारी निवृत्त होतात, जागा रिकाम्या राहतात आणि हा विमा गुपचूप संपतो.

एकरुखच्या बाबतीत आणखी एक बदल घडला आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. हा तलाव पूर्वी आपल्या पाणलोटातल्या पावसावर भरायचा. चांगल्या वर्षी काठोकाठ, वाईट वर्षी अर्धाही नाही. आता एकरुख उपसा सिंचन योजनेमुळे उजनीचे पाणी इथे येते आणि पुढे दक्षिण सोलापूर व अक्कलकोट तालुक्यांकडे जाते. त्या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहिली आहे; योजना हवीच आणि ती पूर्ण ताकदीने चालायलाही हवी. पण तिने धरणाचे काम बदलले. वरुणराजाच्या मर्जीवर भरणारा तलाव आता मधला साठा झाला आहे. सोलापूरचा जोरदार पाऊस बहुधा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. त्या सुमारास तलाव बाहेरच्या पाण्याने आधीच भरलेला असेल, तर नव्या पुराला सामावून घ्यायला त्यात जागा कुठली? १८७१ चा भराव या नव्या वापराला कितपत साजेसा आहे, याचा हिशेब सोलापूरकरांसमोर मांडला गेला पाहिजे.

धरणाखालचे चित्रही १८७१ चे राहिलेले नाही. तेव्हा आदिला माळरानातून सीनेकडे जात होती. आज ती वाढत्या शहराच्या कडेने जाते आणि उन्हाळ्यात नाल्यासारखी दिसते. नाल्यासारखी दिसणारी नदी बुजवायला कोणालाच संकोच वाटत नाही. भर टाकली जाते, प्लॉट पडतात, घरे उठतात; पुढे तीच घरे पाण्यात जातात आणि पंचनामे होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काय केले ते जिल्हा विसरलेला नाही. करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली गावे पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. आदिला त्याच सीनेला मिळते. सीना तुडुंब असताना आदिलाच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते. अशा वेळी वरच्या सांडव्यातून मोठा विसर्ग आला, तर तो शहराच्या वस्त्यांतच पसरणार.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १२ जुलै १९६१ ला बांधकाम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पुण्याची नदीकाठची पेठ-वस्ती वाहून गेली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी पुढे केले आणि राज्यभर हसू झाले. खेकडे असतील, तर ते पाहणे कोणाचे काम होते, याचे उत्तर त्या हशात हरवले.

आता कायद्यानेच ते काम नेमून दिले आहे. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पंधरा मीटरहून उंच प्रत्येक धरण त्याच्या कक्षेत येते, एकरुखही येते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी तपासणी करणे धरणाच्या मालकावर, म्हणजे इथे शासनावर, बंधनकारक आहे. अस्तित्वातल्या धरणांचे पहिले सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घेणे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे यांसाठी पाच वर्षांची मुदत होती. ती ३० डिसेंबर २०२६ रोजी संपते. नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून आहे. यंत्रणा आहे, कायदा आहे, तारीखही ठरलेली आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एकरुखचे सर्वंकष मूल्यमापन मुदतीत व्हावे आणि त्याचा सारांश मराठीत प्रसिद्ध करावा. ज्यांच्या डोक्यावर पाणी आहे त्यांना ते वाचण्याचा हक्क आहे. परतीचा पाऊस ओसरेपर्यंत तलावात किती जागा मोकळी ठेवायची, याचा नियम उपसा योजनेच्या वेळापत्रकातच घालावा. आदिलाची पूररेषा जमिनीवर दगड रोवून दाखवावी आणि त्या रेषेच्या आत महापालिकेने एकही नवा बांधकाम परवाना देऊ नये. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ च्या योजनेत गाळ जरूर काढावा, शेतकऱ्यांच्या रानाला तो सोन्यासारखा आहे. मात्र भरावाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडून खोदायचे हे अभियंत्यानेच ठरवावे, ठेकेदाराने नव्हे. भरावावरची झुडपे दरवर्षी निघावीत आणि धरणावरच्या रिक्त जागा पावसाळ्यापूर्वी भराव्यात.

यातल्या एकाही मागणीला उजनीसारखा अब्जावधींचा खर्च लागत नाही, भूमिपूजनाचा मंडप लागत नाही आणि कोनशिलाही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या मागे पडत आल्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या हातांनी आपले काम चोख केले, म्हणून हे धरण आजवर टिकले. पुढेही ते टिकायचे, तर ते आपोआप टिकणार नाही. जिल्हाधिकारी, जलसंपदा विभाग आणि महापालिका यांनी एका टेबलाशी बसून येत्या पावसाळ्यापूर्वी याचा आराखडा जाहीर करावा. तो जाहीर होत नसेल, तर का होत नाही, हे सोलापूरकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींना जाहीरपणे विचारावे.